सर्वानुमते मंजूर झालेला रविवार

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला सहकार हा विषय होता आणि त्यावर एक प्रकल्प करायचा होता. सरांनी माझ्या वाट्याला विषय दिला, ‘सहकारी चळवळीकडे पाहण्याचा विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन’. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एवढा लांबलचक विषय कुणी आपल्या भरवशावर सोडला, याचंच मला फार अप्रूप वाटलं. मी ते नाव सुवाच्य अक्षरात लिहून काढलं आणि दृष्टिकोन गोळा करायला निघाले.

दृष्टिकोन काही फार हाती लागले नाहीत. वर्गातला एकजण म्हणाला, सहकार म्हणजे आमच्या गावातल्या दोन घरांचं भांडण, बाकीचे आम्ही बघायला असतो. एकीच्या मते सहकार म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, कारण तिच्या वडिलांची पतसंस्था ते दर वर्षी न चुकता देते. तिसऱ्यानं उलट मलाच विचारलं, की यात भरती निघते का. मी सगळ्यांची उत्तरं गंभीरपणे लिहून घेतली, पण प्रकल्पाची पानं काही भरेनात.

त्यांना नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. माझा स्वतःचा दृष्टिकोनही फरसाणापलीकडे गेलेला नव्हता. आमचे अण्णा गावच्या सोसायटीचे सभासद. वार्षिक सभेच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून सकाळीच निघायचे आणि दुपारी फरसाणाचं पाकीट आणि बर्फीचा एक तुकडा घेऊन परत यायचे. सभेत काय झालं असं विचारलं की म्हणायचे, मंजूर झालं. काय मंजूर झालं? तर, सगळंच. सचिव विषय वाचतो, पुढच्या रांगेतले चारजण ‘मंजूर’ म्हणतात, मग मागचेही म्हणतात आणि विषय संपतो. यात काही वावगं आहे असं अण्णांना कधी वाटलं नाही, आणि त्यांच्या हातातल्या पाकिटाकडे बघता मलाही वाटलं नाही.

हे सगळं मी सरांना सांगितलं. सर मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, विचारत फिरण्यापेक्षा एखादी संस्था चालवूनच बघा, म्हणजे दृष्टिकोन आपोआप तयार होईल. सर हे बोलून चहाला निघून गेले. पण सरांनी सांगितलं म्हणजे करायचंच असतं, असं मला शाळेनं शिकवलं होतं.

आम्ही दहा-बाराजणी तेव्हा शहरात पुंडलिकनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. सगळ्या आसपासच्या तालुक्यांतल्या. जेवायला बाहेरून डबा यायचा. त्यातलं वरण इतकं नितळ असायचं की डब्याच्या तळावर कोरलेलं मालकाचं नाव त्यातून वाचता येई. त्यामुळे आपली मेस आपणच चालवू या म्हटल्यावर कुणाला पटवावं लागलं नाही. सगळ्यांनी सारखा वाटा घालून शेगडी आणि भांडी घेतली. भाजी पाळीपाळीनं जाधववाडीच्या मंडईतून आणायची असं ठरलं. मागच्याच गल्लीत राहणाऱ्या एक मावशी स्वयंपाकाला मिळाल्या. नोंदणी वगैरे काही नव्हती, पण प्रत्येक सभासदाला एक मत हे तत्त्व मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ते जांभया आवरत ऐकून घेतलं.

मग पदाधिकारी आले. पैठणकडच्या एकीचे आजोबा त्यांच्या गावच्या सोसायटीचे कैक वर्षं चेअरमन होते. तेवढ्या पात्रतेवर ती बिनविरोध अध्यक्ष झाली, आणि त्या दिवसापासून आम्ही तिला चेअरमनच म्हणू लागलो. तिनं निवडीनंतर छोटंसं भाषणही केलं. आपली मेस वर्षातला एकही दिवस बंद राहणार नाही, असं आश्वासन तिनं त्यात दिलं. विषय वाचायचे आणि झालेल्या ठरावांची नोंद ठेवायची म्हणून सचिव मी. अक्षर चांगलं, हे कारण.

दर महिन्याला आम्ही सभा घ्यायचो. जेवणं झाली की ताटं बाजूला सरकवून सगळ्या भिंतीला टेकायच्या, मी उभी राहून विषय वाचायचे, चेअरमन म्हणायची ‘मंजूर?’ आणि सगळ्या मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायच्या, ‘मंजूर.’ कुणाची आई बचत गटात, कुणाचे काका दूध डेअरीत. सभा कशी चालते हे सगळ्यांना घरूनच ठाऊक होतं. मला मात्र या एकमताचा अभिमान वाटायचा. प्रकल्पात मी लिहिलंसुद्धा, की विद्यार्थिनींमध्ये सहकाराची भावना उपजतच असते.

मावशी सभेत नसायच्या. त्या आत भांडी घासत असायच्या. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, आणि बोलणं मोजकं. नवरा शेंद्र्याला एका कंपनीत वॉचमन, दोन मुलगे मोठे, कामाला लागलेले. आमच्याकडचं सकाळचं उरकून त्या घरी जायच्या, घरचं करायच्या, संध्याकाळी पुन्हा यायच्या. एके दिवशी मी पाणी भरत होते, तेव्हा त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, “पोरी, तुझ्या त्या मिटिंगमधी माझं बी एक घालतीस का?”

मी म्हटलं, घालते की, काय घालू?

“ऐतवारची सुट्टी पाहिजे मला.”

काही कार्यक्रम आहे का, कुठे जायचंय का, असं मी विचारलं. विषयाला कारण जोडलेलं असलं की तो नीट दिसतो, असं मला वाटायचं. मावशींनी थोडा विचार केला.

“कुठं नाय जायचं. बसीन.”

‘बसण्यासाठी’ असं कारण लिहायला मला थोडं अवघडल्यासारखं झालं. मी नुसतंच ‘स्वयंपाकाच्या मावशींना दर रविवारी सुट्टी देणे’ एवढं लिहिलं. त्या महिन्याच्या सभेत तो विषय गॅसच्या नळीनंतर आणि तांदळाच्या वाणाआधी आला. मी तो इतर विषयांसारखाच स्पष्ट आवाजात वाचला. चेअरमन म्हणाली, मंजूर? सगळ्या म्हणाल्या, मंजूर. मी लिहिलं, सर्वानुमते मंजूर. आत जाऊन मावशींना सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि विचारलं, “कुणीच काय नाय म्हणलं?” मी म्हटलं, कुणीच नाही.

आता आमच्या मेसमध्ये रविवारला फार मान होता. रविवारी येसराची आमटी असायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. चेअरमनची आई ते घरून पाठवायची. मावशी त्याला असा तडका द्यायच्या की खालच्या मजल्यावरचे घरमालक सहज म्हणून वर चक्कर टाकून जात. मुली रविवारी उशिरा उठायच्या, केस धुवायच्या आणि ओल्या केसांनी ताट घेऊन बसायच्या. त्याही रविवारी तशाच बसल्या. बऱ्याच वेळानं एकीनं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. शेगडी पुसून ठेवलेली होती.

मी म्हटलं, आज सुट्टी आहे ना मावशींना. ठराव झालाय.

कसला ठराव, असं सगळ्यांनी एकदमच विचारलं. मी नोंद वाचून दाखवली. चेअरमनच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, तो तिनं काढून खांद्यावर टाकला.

“हे कधी वाचलंस तू?”

“सभेत. तुम्ही मंजूर म्हणालात.”

“अगं, मंजूर म्हणलं म्हणजे ऐकलं असं नसतंय,” ती म्हणाली. “माझे आजोबा इतकी वर्षं चेअरमन होते, त्यांनी तरी कुठं ऐकलं?”

मी म्हटलं, तरी ठराव तो ठरावच. यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सचिव नसून दुष्काळच आहे. शेवटी आम्ही दोघी मावशींना बोलवायला मागच्या गल्लीत गेलो. मावशी दाराबाहेर बाजेवर पाय लांब करून बसल्या होत्या. शेजारी काही नव्हतं, ना निवडायला भाजी, ना शिवायला काही. समोरच्या भिंतीवर एक मांजर होतं, त्याच्याकडे त्या बघत होत्या. चेअरमन म्हणाली, मावशी, पोरी उपाशी बसल्यात. मावशी म्हणाल्या, “तुमीच तर म्हणलात, मंजूर.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, लबाडीही नव्हती. झालेली गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं आणि पुन्हा मांजराकडे बघू लागल्या.

त्या दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी खाल्ली. भजी खाता खाताच चेअरमननं जाहीर केलं, की हा ठराव रद्द करायला विशेष सभा घ्यायची. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेली परभणीची एक मुलगी होती, तिला आम्ही वकिलीणबाई म्हणायचो. ती म्हणाली, तशी तरतूद असते. तोंडात भजी असतानाही तिला तरतुदी सुचायच्या.

सोमवारी मावशी रोजच्यासारख्या आल्या. विशेष सभेचं त्यांच्या कानावर गेलं होतं. पोळ्या लाटून झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं.

“काढून घेनार असाल तर आत्ताच सांग,” त्या म्हणाल्या. “मी घरी सांगून बसले ना. तिथं मेसला सुट्टी हाय म्हणलं, आता ऐतवारी घरचं बी नाय करनार. पोरं हसली, हे बी हसले. पर केला चहा त्यांनी. भात बी लावला. कच्चा होता, पर लावला.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “इथली गेली म्हंजी तिथली बी जाईल. नुसती घरची मागितली असती तर कोन देतंय?”

तोवर मी ठरावाच्या बाजूची होते, कारण तो ठराव होता. त्यानंतर मी मावशींच्या बाजूची झाले. पण सचिवानं बाजू घ्यायची नसते असं आमच्या पुस्तकात होतं, म्हणून मी घाबरून सरांकडे गेले. सर सगळं ऐकून इतके खूश झाले की त्यांनी मला शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनाही ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, की एवढी वर्षं मी सहकार शिकवतोय, शेकडो ठराव मंजूर होताना पाहिलेत, एकही पडताना पाहिलेला नाही. तुमच्या सभेला मी आलो तर चालेल का? मी म्हटलं, सर, जेवायलाच या.

सभा शनिवारी ठेवली. सर स्टुलावर बसले, आम्ही सगळ्या भिंतीला टेकून. सर असल्यामुळे मोबाइल ओढणीखाली होते. मावशी नेहमीप्रमाणे आत भांड्यांशी होत्या. मी उभी राहून विषय वाचला, ‘मावशींच्या रविवारच्या सुट्टीचा ठराव रद्द करणे.’ चेअरमन सवयीनं म्हणाली, मंजूर? आणि मुलीही सवयीनं म्हणाल्या, मंजूर. आठवडाभरात ज्या दोघींना मी मावशींच्या बाजूला वळवलं होतं, त्यासुद्धा म्हणाल्या. सरांनी कपाळाला हात लावला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मी आयुष्यात पहिल्यांदाच भर सभेत मध्ये बोलले. म्हटलं, असं नाही चालणार, आधी चर्चा आणि मग हात वर करून मतदान. वकिलीणबाई म्हणाली, तशी तरतूद असते. त्या दिवशी मला तिच्या तरतुदी फार आवडल्या.

मग चर्चा झाली, आणि ती खरोखरची झाली. चेअरमन म्हणाली, की आपण मेस कधी बंद ठेवणार नाही असं वचन दिलंय, आणि रविवारीच तर पोरी घरात असतात. एक म्हणाली, मावशींना दुसऱ्या वारी सुट्टी द्या, बुधवारी. बुधवारी कारली असतात, कुणाचं काही अडत नाही. यावर बऱ्याचजणींनी माना डोलावल्या. वकिलीणबाई म्हणाली, की मावशी इथं रोज राबतात, त्या सभासद का नाहीत? मी ओशाळले, कारण सभासद कुणाला म्हणावं यावर मी प्रकल्पात दोन पानं लिहिली होती आणि त्यात मावशी कुठंच नव्हत्या. तेवढ्यात सिल्लोडची एक, जी कधी बोलायची नाही, ती हळूच म्हणाली, “माझी आई पण ऐतवारी बसत नाय. म्हंजे मी कधी बघितलीच नाय बसलेली.” एवढं बोलून तिनं मान खाली घातली. सर चष्मा पुसत बसले.

मतदान घेतलं. एकमेकींच्या हाताकडे बघून हात वर करायची सवय असल्यामुळे दोनदा घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. सुट्टी काढून घ्यावी म्हणणाऱ्या आणि राहू द्यावी म्हणणाऱ्या, दोन्हीकडे सारखेच हात आले. अध्यक्ष म्हणून चेअरमननं मत दिलं नव्हतं. सर म्हणाले, “आता निर्णायक मत अध्यक्षांचं.”

तिचं इतक्या वेळा मंजूर म्हणून झालं होतं, पण आपल्या एकटीच्या बोलण्यावर काही ठरणार आहे अशी वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. ती जरा गोंधळली. मग तिनं हाक मारली, मावशी, जरा बाहेर या. मावशी पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

“मावशी, तुमी ऐतवारी करता काय?”

“बसते.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“कंटाळा नाय येत?”

मावशींनी या प्रश्नाचा अगदी प्रामाणिकपणे विचार केला. “एकच तर ऐतवार झालाय, बाई,” त्या म्हणाल्या. “कंटाळा यायला आनखी चार-दोन तरी लागतील.”

सर आधी हसले, मग एकेक करून सगळ्याच हसायला लागल्या. चेअरमनला हसायचं नव्हतं, कारण तिच्या डोळ्यांसमोरून तिची येसराची आमटी जात होती. पण तिलाही राहवलं नाही. ती हसली, मग गंभीर झाली, उठून उभी राहिली, आणि आजोबा बोलत असतील तशा आवाजात म्हणाली, “रद्द करण्याचा ठराव नामंजूर.” तो शब्द आमच्या सभेत त्याआधी कुणी उच्चारलेला नव्हता. तिलाही तो नीट जमला नाही, मधेच आवाज चिरकला. पुढे तिनं स्वतःच सुचवलं, की रविवारचा स्वयंपाक सभासदांनी पाळीपाळीनं करायचा, आणि मावशींना सभासद करून घ्यायचं. हे मात्र नेहमीसारखं मंजूर झालं. मावशींनी विचारलं, सभासद झालं म्हणजे काय करायचं. सर म्हणाले, ऐकायचं, आणि पटलं नाही तर नाही म्हणायचं. मावशी म्हणाल्या, “ते काय अवघड हाय?”

प्रकल्पातलं ते उपजत भावनेचं वाक्य मी खोडलं. त्या जागी काय लिहावं ते पुष्कळ दिवस सुचलं नाही. शेवटी मी लिहिलं, की विद्यार्थिनी सहकार शिकू शकतात, मात्र आधी भूक लागावी लागते. सरांनी त्यावर बरोबरची खूण केली आणि खाली लाल शाईनं लिहिलं, भाषा थोडी शास्त्रीय करावी. त्यांचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यांत ही खूणही मी धरते.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता आणि पाळी चेअरमनची आणि माझी. येसराची आमटी करायचं धाडस तिचंच. पीठ पाण्यात कालवताना गुठळ्या झाल्या, त्या फोडताना आमटी पातळ झाली, पातळ झाली म्हणून तिनं आणखी पीठ घातलं. असं करता करता पातेलं काठोकाठ भरलं. आता सगळ्या गल्लीला पुरेल एवढं काहीतरी शिजत होतं आणि त्याला आमटी म्हणावं की पिठलं, हे दोघींनाही सांगता येत नव्हतं. जाऊन विचारून येऊ, ती म्हणाली. मी म्हटलं, सुट्टी आहे. ती म्हणाली, सभासद म्हणून विचारायला काय हरकत आहे?

मावशी दाराबाहेर बाजेवर बसल्या होत्या. आज मांजरही नव्हतं. आम्ही जवळ पोहोचेपर्यंत घरातून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला, “मीठ कुठंय गं?”

मावशींनी मागं वळून पाहिलं नाही. “हाय तिथंच,” त्या म्हणाल्या.

आत डबे उघडल्याचा, झाकणं पडल्याचा आवाज होत राहिला. एक मुलगा म्हणाला, ही साखर आहे. दुसरा म्हणाला, चाखून बघ की. मावशींनी पाय आणखी थोडे लांब केले. मग त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं आणि त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय?

चेअरमन हातातल्या पळीकडे बघत राहिली. ती पळी ती तशीच घेऊन आली होती.

“काय नाय मावशी,” ती म्हणाली. “सहज आलो होतो. बसा तुमी.”